5000 आरपीएमला बॅटरीवर 12.9 व्होल्टच, स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) उघडण्याआधी काय तपासू?

ऐरोलीकर:
2011 ची 250 सीसी बाइक, सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, लिक्विड कूल्ड. बॅटरी नवी आहे, चार्जरवरून काढून रात्रभर ठेवली तरी सकाळी 12.7 दाखवते. गाडी सुरू करून हेडलाइट लावला की आयडलला 12.5 आणि 5000 आरपीएमला 12.9. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा फॅन फिरत राहिला की नंतर सेल्फ लागत नाही, नुसतं टकटक. गॅरेजवाले म्हणतात स्टेटर बदला. घरी मीटर आहे, त्यावर काय काय बघता येईल?

मीटर_कळवा:
स्टेटर आत्ताच उघडू नका. आकडा वर चढतोय म्हणजे करंट येतोय. पण यायला हवेत 13.8 ते 14.5 व्होल्ट, म्हणजे वाटेत कुठेतरी पाणी मुरतंय.

आधी स्टेटरकडून रेग्युलेटरकडे (स्टेटरची एसी वीज डीसी करून बॅटरीला बेताच्या व्होल्टला देणारा डबा) जाणारा तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर सोडवा. आपल्याकडची खाडीकाठची हवा आणि पावसाळा, यामुळे क्लिपवर हिरवट थर चढतो. मग तो सांधा तापतो, तापून क्लिप सैल होते आणि सैल झाली की आणखी तापते. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर लगेच कळेल.

कनेक्टर सुटा असतानाच पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्यांचा ओहम घ्या. साधारण 0.2 ते 1 आणि तिन्ही सारखे हवेत. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो तो वजा करा, नाहीतर चांगला स्टेटरही खराब वाटतो. मग प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी: इथे मीटरने काहीच दाखवायला नको. ही टेस्ट इंजिन गरम असतानाही करा, कारण कॉइलचं इन्सुलेशन बऱ्याचदा तापल्यावरच दगा देतं. शेवटी गाडी सुरू करून मीटर एसी 200 व्होल्टवर ठेवा. 5000 ला प्रत्येक जोडीत 50 च्या वर आणि जवळपास सारखे व्होल्ट हवेत. उघड्या क्लिपला हात लावू नका, झटका बसतो.

वायरिंग_तुर्भे:
वरचं सगळं बरोबर. त्यात व्होल्टेज ड्रॉपची (वायरीत वाटेत किती व्होल्ट गळतात त्याची) भर घाला. कनेक्टर परत जोडा, मीटर डीसीवर, लाल पिन रेग्युलेटरच्या प्लस वायरीत कनेक्टरच्या मागून, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. हेडलाइट चालू, 5000 आरपीएम. 0.3 च्या वर गेला तर दोष त्या वायरीत. तसंच मायनसचंही बघा.

आणि चालू गाडीत बॅटरीची टर्मिनल काढून चार्जिंग बघणं कुणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) उडू शकतो.

ऐरोलीकर:
तिन्ही जोड्या 0.4. बॉडीला काहीच नाही, गरम असतानाही नाही. एसी 61, 60, 61. प्लसचा ड्रॉप 1.1, मायनसचा 0.1. पिवळ्या वायरींचा कनेक्टर स्वच्छ आहे, पण प्लसची क्लिप काळी पडलीय.

मीटर_कळवा:
सापडलं. रेग्युलेटर स्वतःच्या टोकाला 14 बघून थांबतो, बॅटरीपर्यंत 12.9 च पोचतात. स्टेटर आणि रेग्युलेटर दोन्ही चांगले आहेत.

क्लिप घासून उपयोग नाही, तिची पकड गेलेली असते. आतली काळी तार मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. नवी क्लिप क्रिम्पिंग प्लायरनेच दाबा, साध्या पक्कडीने दाबलेली पुन्हा तापते. वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. वायर आखूड पडली तर 2.5 स्क्वेअर एमएमचा तुकडा जोडा, त्याहून बारीक नको. मेन फ्यूजचा होल्डरही उघडून बघा, त्याच्या क्लिपाही अशाच जळतात. थेट बॅटरीपर्यंत नवी वायर ओढलीत, तर बॅटरीजवळ मेन फ्यूजइतक्याच अँपिअरचा फ्यूज हवाच.

वायरिंग_तुर्भे:
ट्रॅफिकसाठी एलईडी हेडलाइट लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. आयडलला बॅटरीची ओढ त्याने कमी होते, हे खरं. पण स्टेटरला आराम मिळत नाही. शंट टाइप रेग्युलेटर जास्तीचा करंट शॉर्ट करून स्टेटरकडेच परत फिरवतो, त्यामुळे कॉइल तितकीच तापते. तिला आराम हवा असेल तर सिरीज टाइप (शॉर्ट न करता सर्किटच तोडणारा) रेग्युलेटर लागतो. तोही वारा लागेल अशा जागी बसवा, सीटखाली कोंबू नका.