मदत हवी आहे: भावाचा ब्रश सुटलाय

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, चित्रं काढायचा. दिवाळीत चार वर्षांचं नातं तुटलं. तेव्हापासून रंगांच्या ट्यूबा वाळताहेत, झाकणंसुद्धा लावलेली नाहीत. रविवारी राजवाड्याला पोहे खायला नेलं, तर नुसती वरची शेव चिवडत बसला. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. मला नाही पटत. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९१० साली याच इंदुरात जन्मले, पुढे बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकवायला गेले. भावालाही तिथेच शिकायचं होतं. पोर्टफोलिओ अर्धवट पडलाय. त्याला आत्ताच कामाला बसवू, की आधी मनसोक्त रडू देऊ? यातून गेलेल्यांनी सांगा, ब्रश परत हातात कसा आला? बडोद्याला शिकलेलं कोणी त्याच्याशी बोलेल का?