एमजीबी १९६७, ट्विन एसयू : गरम झाल्यावर स्लो टिकत नाही

अ‍ॅबिंग्डनकर
मंडळी, गाडी १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, दोन एसयू बनावटीचे एचएस४ कार्बोरेटर (कार्ब; पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग). गरम झाली की स्लो (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) ७०० ते ११०० आरपीएममध्ये झुलतो आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की घुटमळते. १ आणि २ नंबरचे प्लग काजळलेले, ३ आणि ४ पांढरट. मिक्श्चर नट (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) फिरवून एक बाजू जमली की दुसरी बिघडते. रिबिल्ड किट मागवू का? पुढे पॅनकेक फिल्टर (चपटा गोल एअर फिल्टर) लावायचा विचार आहे.

टॅपेटराव
किट थांबवा, आजार प्लगनीच सांगितलाय. पुढचा कार्ब १-२ ला पाजतो, मागचा ३-४ ला. मागचा कुठून तरी फुकटची हवा ओढतोय. पहिला संशय थ्रॉटल स्पिंडलवर, म्हणजे कार्बमधली हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीवर: ती हलवून पाहा, प्ले (ढिलेपणा) हाताला लागेल. पण त्याआधी इग्निशन. फटी अशा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ०.०१४ ते ०.०१६, प्लग ०.०२५. स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद ठेवून लावलेली ठिणगीची वेळ) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याच्या, १० अंश आधी. डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्युम कॅप्सूलची (ठिणगीची वेळ बदलणारी डबी) नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा (डायफ्राम) फाटलाय. हे न तपासता नट फिरवत बसलात तर दिवस जाईल, गाडी तिथेच.

चोकबंद
चालू इंजिनवर स्पिंडलजवळ कार्ब क्लीनर मारा. आरपीएम बदलला की गळती सापडली.

टॅपेटराव
बी-सीरीजवर, म्हणजे एमजीबीच्या या इंजिनवर, हे नको! इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बच्या खालीच तापलेला मॅनिफोल्ड. पेट घेईल. तेलाच्या कुपीने स्पिंडलच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब इंजिन ऑइल सोडा; स्लो क्षणभर स्थिरावला तर चोर तोच.

अ‍ॅबिंग्डनकर
पॉइंट, टॅपेट, टायमिंग, कॅप्सूल सगळं ठीक. मागच्या स्पिंडलला चांगलाच प्ले आहे, तेल सोडल्यावर स्लो बसतो. नुसती नवी स्पिंडल टाकली तर?

भोकमाप
बॉडीचं भोकही लंबगोल झालेलं असतं, त्यामुळे नवी स्पिंडल बहुतेकदा पुरत नाही. दोन्ही बाजू एका रेषेत रीम करून (भोक गोल कापून) बुश (आतली नवी नळकांडी) मारून घ्या. रेष चुकली तर थ्रॉटल अडकेल. थ्रॉटलच्या डिस्कच्या (झडपेच्या चकतीच्या) कडा तिरप्या असतात, काढण्याआधी खूण करा. तिच्या दोन स्क्रूंची टोकं चिरून फाकवलेली असतात. ती दाबून मग उघडा. बसवताना नवे स्क्रू घ्या आणि टोकं पुन्हा फाकवा, नाहीतर स्क्रू सुटून थेट सिलिंडरमध्ये जाईल.

मग बॅलन्स, म्हणजे दोन्ही कार्बमधून सारखी हवा. दोन्ही कार्ब जोडणाऱ्या स्पिंडलचे क्लॅम्प ढिले करा. जेट (पेट्रोल येणारी नळी) ब्रिजशी (कार्बमधल्या अरुंद भागाच्या तळाशी) समपातळीत आणून मिक्श्चर नट दोन पूर्ण आटे खाली घ्या. इंजिन गरम करून दोन्हीकडची हवा एअरफ्लो मीटरने, नसेल तर रबरी नळी कानाशी धरून, सारखी करा. आता मिक्श्चर, एका वेळी नटाची एकच कड. लिफ्टिंग पिनने कार्बमधला पिस्टन १/३२ इंच उचला: आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), पडला तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून खाली बसला तर बरोबर. क्लॅम्प शेवटी आवळा.

घुटमळण्याचं कारण डॅम्परमध्येही (कार्बच्या पिस्टनची हालचाल तेलाने मंद करणारा भाग) असू शकतं. एसएई २० तेल पोकळ पिस्टन रॉडच्या वर अर्धा इंच हवं. कोरडा असेल तर पिस्टन झपकन वर जातो आणि ऐन गरजेच्या क्षणी मिश्रण लीन होतं.

चोकबंद
पेट्रोलचंही बघा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने भुसभुशीत होतात. आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांची खूण) छाप असलेल्या घ्या. पुण्या-मुंबईत ई२० वर एसयूची गाडी चालवणाऱ्यांना तर जेट थोडं खाली घ्यावंच लागतं, मिश्रण लीन होतं.

भोकमाप
पॅनकेक फिल्टर बॅलन्स जमल्यावरच लावा, दोन बदल एकदम नकोत. आत आखूड ट्रंपेट (कर्ण्यासारखी हवेची नळी) ठेवा आणि हवा वाढल्याने लीन झाली तर जास्त पेट्रोल देणारी, रिच नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी सुई) बघा. ही फिक्स्ड नीडल असते: तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसवून जेट सेंटर करा. पिस्टन सोडल्यावर ब्रिजवर टक् आवाज आला पाहिजे. आणि फिल्टरचं गॅस्केट उलटं लावू नका. कार्बच्या फ्लँजवरची (फिल्टर बसतो त्या कडेची) दोन छोटी भोकं पिस्टनखाली हवा नेतात; ती झाकली गेली तर पिस्टन नीट उचलतच नाही.