कमी पैशांत घर बांधताना तुम्ही काय सोडलंत? (अनुभव धागा)

किरकटवाडीत आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, म्हणजे २१७८ चौरस फूट. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. प्लॉट आधीच घेतलेला असल्यामुळे बांधकामाला सगळं मिळून ४५ लाख, त्यातले २५ कर्जाचे. आर्किटेक्टबाईंनी सगळ्यांच्या मागण्या ऐकून पहिला प्लॅन काढला आणि खर्चाचा अंदाज ६८ लाखांवर गेला. सासऱ्यांना गाडीसाठी पोर्च हवा, सासूबाईंना वेगळी देवखोली, लेकीला स्वतःची खोली, नवऱ्याला वरती अर्धा मजला आणि मला स्वयंपाकघराला लागून धुण्या-भांड्यांची जागा. यातलं एकही मागणं अवाजवी नाही, हीच पंचाईत.

टाइल स्वस्तातल्या घ्या, फॉल्स सीलिंग करू नका, हे सल्ले भरपूर मिळतात. त्यांनी २३ लाख निघत नाहीत. पुण्यात किंवा आसपास ज्यांनी स्वतः घर बांधलंय त्यांनी काय सोडलं, काय पुढे ढकललं आणि कशाला हात लावू दिला नाही, ते सांगा. साल आणि भाग लिहिलात तर उपयोग होईल. ठेकेदारांची नावं मात्र नकोत, ना कौतुकासाठी ना शिव्यांसाठी.

मांजरी, २०१९

आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात हाताची बोटं जातील एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगते. शेजारच्या दोन घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे गेलेले दिसत होते, म्हणून नकाशा पक्का करायच्या आधी जेसीबी बोलावून प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे घेतले. कडक मुरूम साडेआठ फुटांवर लागला. अंदाजपत्रकात फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, पाच फुटांवर धरलेलं होतं. ठेकेदार म्हणाला, पाच फुटांवर मुरूम भरून रोलर फिरवतो, काही होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरने त्या कागदावर सही करायला नकार दिला.

जमिनीतच अडीच लाख जास्त गेले. बायको रोज विचारायची, दिसणार काय यातलं? दिसलं काहीच नाही. वरचा मजला रद्द केला, पण फुटिंग आणि कॉलम वरच्या मजल्याचं वजन धरून घेतले. कंपाउंडच्या भिंतीऐवजी चार वर्षं तारेचं कुंपण होतं. आतल्या खोल्यांना पहिल्या वर्षी फक्त पांढरा रंग. गेल्या वर्षी वरच्या दोन खोल्या चढवल्या तेव्हा खाली एक वीटही हलवावी लागली नाही. किरकटवाडीत सिंहगडाच्या बाजूला मुरूम लवकर लागतही असेल, तरी खड्डा घेऊन बघा. दोन-चार हजारांचं काम आहे.

धायरी, २०२२

तुमचा प्लॉट घेऊन झालाय, त्यामुळे हे तुमच्यापेक्षा मागून येणाऱ्यांसाठी. आमच्या भागात एकाच गटात दोन भाव चालायचे. स्वस्तातला प्लॉट सामाईक सातबाऱ्यावरचा: दहा-अकरा नावं एकत्र आणि आपला गुंठा कुठला हे चुन्याच्या फक्कीवरून समजायचं. महागातला एनए (बिगरशेती), मंजूर लेआउटमधला, उतारा स्वतंत्र. फरक सहा लाखांचा. भाऊ म्हणाला, सगळेच घेतात, गुंठेवारीत (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट नियमित करायच्या कायद्यात) होतं नियमित. पण गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीतही फक्त ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचीच प्रकरणं धरलेली. आम्ही त्यानंतर घेणार होतो. बँकेच्या वकिलाने तर सामाईक उतारा बघून फाइल परतच दिली.

महागातला घेतला आणि घर नऊशे फुटांचं केलं. पोर्च नाही, बाल्कनी नाही, गाडी दारात उन्हात उभी असते. आमच्या ह्यांना अजून त्याचं वाईट वाटतं, मला नाही.

साइटवर वीस वर्षं काढलेला सुपरवायझर, सध्या वारजे

ताईंनी २३ लाखांचा प्रश्न बरोबर विचारलाय. साधा हिशोब सांगतो. फुटाला दोन हजार दर धरला, तर तीनशे फूट बांधकाम कमी केलं की सहा लाख वाचतात. बाराशे फूट टाइल दीडशे रुपयांवरून ऐंशीवर आणल्या तर चौऱ्याऐंशी हजार. लोक दुकानात बसून टाइलवर तीन रविवार घालवतात आणि पॅसेजमधले साठ फूट कुणी बघत नाही. तुमचा नकाशा काढा आणि नुसत्या चालण्याच्या जागेला पेन्सिलने रेघा मारा. पॅसेज, जिन्याखालची जागा, दोन खोल्यांच्या मधलं लॉबी नावाचं प्रकरण. मी बघितलेल्या बहुतेक बंगल्यांत त्यात एक आख्खी खोली निघते.

दुसरं, चौकोनी घर. बाहेरच्या भिंतीला जितके कोपरे तितके कॉलम, तितकं सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), तितकं प्लास्टर. समोरून 'एलिव्हेशन' दिसावं म्हणून जे आत-बाहेर करतात ते सगळं पैशाने येतं. वरचं आणि खालचं बाथरूम एकावर एक ठेवा, स्वयंपाकघर त्यालाच पाठ लावून. एकाच डक्टमध्ये सगळे पाइप उतरतात आणि उद्या गळती झाली तर कुठे बघायचं ते कळतं.

ठेकेदाराशी 'विथ मटेरियल', म्हणजे मालासकट, बोलताना दर कशावर हे लिहून घ्या. स्लॅबच्या एरियावर की कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या जागेवर)? जिना दोनदा मोजणार का? पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, कंपाउंड, ओट्याचं ग्रॅनाइट दरात आहे की 'एक्स्ट्रा आयटम'? भांडणं इथेच होतात. काम लेबर रेटवर (मजुरी त्याची, माल आपला) देणार असाल तर सळई वजनावर घ्या आणि स्वतः पडताळा. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. बाराची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो, आठची ०.३९५. यात फार कमी भरली तर ती गाडी उतरवून घेऊ नका. जुनं कोटेशन असेल तर नव्याने मागवा, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

आणि पाणी मारणं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, मिश्र सिमेंटला दहा. आपल्याकडे पीपीसी हे मिश्र सिमेंटच जास्त येतं. एप्रिल-मेमध्ये स्लॅब पडला तर चौदा धरा. स्लॅबच्या दिवशी नारळ, पेढे, सगळ्यांना जेवण, आणि चौथ्या दिवशी गच्चीवर कुणी नाही, असं नको. आळी करून पाणी भरून ठेवा.

हडपसर, वय ७१

अगं, तुझ्या सासूबाईंना देवखोली कशाला हवीय ते आधी विचार. मला वाटायचं मला खोली हवी. मुलाने एकदा समोर बसवून विचारलं, तेव्हा माझ्याच लक्षात आलं की मला सकाळी तासभर कुणी ओलांडून न जाणारी जागा हवी होती. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीत कोनाडा केला, खाली एक कप्पा, पुढे सतरंजीएवढी जागा. भागलं.

मी हट्ट धरला तो खालच्या मजल्यावर आमची झोपायची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम. दार तीन फुटांचं, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडी. बाथरूमला चकचकीत फरशी लावू दिली नाही. ह्यांचं पुढच्याच वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन आत जाता आलं. या जागेत कपात करू देऊ नकोस, बाकी मुलांना काय कापायचं ते कापू देत. बाल्कनीत आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांशिवाय कुणी उभं राहिलेलं मी बघितलं नाही.

पर्वतीजवळ, २०१७

आमचं घर नवीन प्लॉटवर नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या वसाहतीत आजोबांना मिळालेली जागा. खाली दोन खोल्या, जाड भिंतींवर उभ्या, कॉलम नाहीतच. पाडून नवं बांधायला पैसे नव्हते, वर स्लॅब चढवायला इंजिनियरने नाही म्हटलं, कारण जुन्या पायावर किती भार चालेल याचा भरवसा देता येत नव्हता. मग वरती हलकं बांधकाम केलं: लोखंडी सांगाडा, हलक्या ब्लॉकच्या पातळ भिंती, उष्णता अडवणारे पत्रे, आणि महापालिकेची परवानगी रीतसर काढून. पावसाचा आवाज येतो. फोनवर बोलायचं तर खाली यावं लागतं, हे मान्य. पण दोन भावांचे संसार त्या जागेत मावले.

सिंहगड रस्ता

नदीच्या बाजूला कुणी प्लॉट बघत असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघितल्याशिवाय इसार देऊ नका. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा इथल्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. जोतं उंच घेऊ, हा उपाय नाही.

मूळ प्रश्न विचारणारी, किरकटवाडी

सुपरवायझरदादांनी सांगितल्यासारख्या रेघा मारून बघितल्या. पॅसेज आणि लॉबी मिळून एकशे चाळीस फूट निघाले, आर्किटेक्टबाई जरा गप्प झाल्या. सासूबाईंशीही बोलले. त्यांना देवखोली नकोच, त्यांना देवापाशी टीव्हीचा आवाज नको. आता वरच्या मजल्यावर सध्या काहीच बांधायचं नाही, यावर नवरा अर्धा तयार आहे. जिना मात्र आताच हवा. तो आत घ्यावा की बाहेर?

आंबेगाव बुद्रुक, २०१८

बाहेर. आम्ही वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्यात आणि त्यातून हप्त्याचा मोठा भाग निघतो. विजेचं मीटर पहिल्यापासून वेगळं घ्या, वायरिंगही वेगळं. जिना पश्चिमेला मोकळा ठेवू नका, पावसाची झड थेट पायऱ्यांवर येते. वर छोटा स्लॅब टाका.

वडगाव शेरी

मी उलट सांगेन. मुलं लहान आहेत, रात्री उशिरा वरून कुणीतरी परकं उतरतंय हे आम्हाला जमलं नाही. जिना आतच, पण दाराला लागून. म्हणजे उद्या एक भिंत घातली की वरचं वेगळं होतं. दोन्ही सोयी राहतात.

आणि मांजरीवाल्यांसारखं वरचा मजला पुढे ढकलणार असाल तर गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या सोडू नका. पुण्यात शेकडो घरांवर त्या गंजत उभ्या दिसतात. सहा-सात पावसाळ्यांनंतर त्या जोडायच्या लायकीच्या राहत नाहीत. पुरेशी लांबी ठेवा, बाराच्या सळईला दोन-अडीच फूट, सिमेंटचा घोल लावा आणि भोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा करून झाकून टाका. वेळ आली की फोडायचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्या ठोकळ्यांभोवती नीट चढवून घ्या, आमची गळती तिथूनच सुरू झाली होती.

लोहगाव, २०२१

पाण्यावर कुणीच बोललं नाही याचं नवल वाटतंय! महापालिकेच्या हद्दीत येऊन वर्षं झाली तरी आमच्याकडे टँकर चुकलेला नाही. जमिनीतली टाकी बारा हजार लिटरची केली, कारण टँकर दहा हजारांचा येतो आणि टाकी लहान असली तरी पैसे पूर्ण टँकरचेच द्यावे लागतात. टाकी रस्त्याच्या बाजूला ठेवा, पाइप पोचला पाहिजे. एक बाथरूम कमी केलं आणि टाकी केली. पाहुणे आले की रांग लागते, लागू दे.

कोथरूडहून नऱ्हेला आलेला

आमची वेगळी गोष्ट. वर्षभर प्लॉट, नकाशे, कोटेशनं केली आणि शेवटी तयार रो-हाउस घेतलं. दोघांच्या नोकऱ्या, साइटवर उभं राहायला कुणी नाही. रोज उभं राहणारं माणूस घरात नसेल तर त्याचा खर्चही बजेटमध्ये धरा, एवढंच सांगतो. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली, त्यामुळे मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के लागलं. बांधायची हौस मात्र तशीच राहिली.

पाषाण, बँकेतून निवृत्त

कर्जाचे पैसे एकरकमी येत नाहीत हे ताईंनी धरलंय का? बँक टप्प्याटप्प्याने देते: जोतं झालं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई) झालं, स्लॅब झाला, प्लास्टर झालं. तेही काम झाल्यावर, त्यांचा माणूस येऊन बघून गेल्यावर. म्हणजे स्वतःचे वीस लाख आधी लागतात. ते फर्निचरसाठी बाजूला ठेवून बांधकाम कर्जावर सुरू करू, असं होत नाही. घर पूर्ण होईपर्यंत उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज जातं आणि सध्याचं भाडंही चालू असतं. स्लॅबच्या आधी सळई, सिमेंट, सेंटरिंग, मजुरी एकदम येते, तेव्हा हातात चार-पाच लाख मोकळे हवेत. आधीच्या टप्प्याचे पैसे यायला दोन-तीन आठवडे लागले तर साइट बंद पडते आणि गवंडी दुसरीकडे जातो.

भोगवटा प्रमाणपत्राचा (घर राहण्यायोग्य झाल्याच्या महापालिकेच्या दाखल्याचा) खर्च आणि वेळही धरा. ते हातात आल्यावर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा, स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. सोलर आता नको असेल तरी गच्चीवर दक्षिणेला सावली न येणारी जागा मोकळी ठेवा आणि मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून आताच टाकून घ्या. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे. पाण्याच्या टाक्या नेमक्या त्याच कोपऱ्यात चढवू नका.