मदत हवी आहे: तीन पार्ट्या, तीन वेगळे पोशाखसंकेत, सूट मात्र एकच

वाटसरू_अनामिक
मला शक्य तितक्या लवकर उत्तर हवे आहे. येत्या महिन्यात तीन पार्ट्यांचे निमंत्रण आहे. एकावर ‘ब्लॅक टाय’ असे छापले आहे, दुसऱ्यावर ‘कॉकटेल’ आणि तिसऱ्यावर ‘स्मार्ट कॅज्युअल’. माझ्याकडे एक काळा सूट आहे. तो तिन्ही ठिकाणी चालेल का, आणि चालणार नसेल तर कमीत कमी काय घ्यावे लागेल, एवढेच सांगावे.

काजबटण
उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. पार्ट्या दिवसा आहेत की रात्री, बंदिस्त जागेत की उघड्यावर, आणि यजमान कोण आहेत? सूटचे लॅपल, म्हणजे छातीवर उलटलेल्या कॉलरच्या पट्ट्या, साटिनचे आहेत की कोटाच्याच कापडाचे? आणि तो तुमच्या अंगावर आज कसा बसतो?

वाटसरू_अनामिक
ब्लॅक टाय रात्री आहे, कार्यालयाच्या वतीने, सभागृहात. कॉकटेल संध्याकाळी एका सहकाऱ्याकडे. तिसरी दुपारी, बागेत. लॅपल कोटाच्याच कापडाचे आहेत. बाकी सूट चांगला आहे.

काजबटण
मग ब्लॅक टायचा प्रश्न आधी सोडवू, कारण तिथले नियम सर्वांत ठरलेले आहेत. या संकेताचा अर्थ काळा सूट आणि काळा टाय असा नसून डिनर जॅकेट असा आहे. त्याचे लॅपल साटिनचे किंवा बारीक रेघांच्या रेशमी कापडाचे असतात, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर तशाच कापडाची एकेरी पट्टी असते, आणि पट्टा लावण्यासाठी लूप नसतात, त्यामुळे पँट सस्पेंडरवर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, किंवा कमरेच्या बाजूला आवळायच्या पट्ट्यांवर तोलली जाते. सोबत पांढरा शर्ट, काळा बो टाय आणि कमरबंद (कमरेभोवती बांधायचा चुण्यांचा रुंद पट्टा) किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट हवा. कमरबंद घालाल तर त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडल्या पाहिजेत. अशा रात्री वर्षातून एखादीच येत असेल, तर हे सर्व विकत न घेता भाड्याने आणणेच शहाणपणाचे ठरेल, मात्र माप देण्यासाठी आठवडाभर आधी जावे.

गडद_निळा
मी काजबटण यांच्याशी अंशतः असहमत आहे. कार्यालयीन समारंभात बहुतेक पाहुणे साध्या गडद सूटमध्येच येतात, त्यामुळे काळा सूट, शुभ्र शर्ट आणि काळा बो टाय एवढ्यावर कोणाचे काहीही अडत नाही. वाटसरू यांनी भाड्यावर खर्च करण्याऐवजी गडद निळा सूट शिवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो कॉकटेलला टायसह आणि टायविना दोन्ही प्रकारे शोभतो. काळा रंग दिवसाच्या उजेडात कठोर दिसतो. मी गेली अनेक वर्षे निळ्याशिवाय दुसरा रंग शिवलेला नाही.

काजबटण
निळ्या सूटबद्दल माझी हरकत नाही, पण इतर पाहुणे काय घालून येतील यावर आपला पोशाख ठरवणे मला पटत नाही. यजमानाने निमंत्रणावर शब्द छापला आहे, म्हणजे त्याला त्या रात्रीचे एक विशिष्ट रूप अभिप्रेत आहे, आणि त्याचा मान राखणे हे पाहुण्याचे काम आहे. ‘ब्लॅक टाय ऐच्छिक’ असे लिहिले असते, तर तुमचा सल्ला मी जसाच्या तसा मान्य केला असता.

जुनी_पाने
या निमित्ताने सांगण्यासारखे आहे की अमेरिकेत डिनर जॅकेटला ‘टक्सीडो’ म्हणतात, ते न्यूयॉर्क राज्यातील टक्सीडो पार्क या वसाहतीवरून. 1880च्या दशकात तिथल्या क्लबमध्ये मागे लांब शेपटी असलेल्या कोटाऐवजी हा आखूड कोट रुळला. शेपटीचा कोट आजही ‘व्हाइट टाय’ या ब्लॅक टायहूनही औपचारिक संकेतासाठी लागतो, आणि त्याच्या पँटला एक नव्हे तर दोन पट्ट्या असतात.

प्रवासी_बॅग
सूट प्रवासात न्यायचा असल्यास कोट आतून बाहेर उलटून, एक खांदा दुसऱ्यात घालून घडी करावी, म्हणजे चुण्या कमी पडतात. पोहोचल्यावर स्नानगृहातील वाफेत तो थोडा वेळ टांगून ठेवावा.

वाटसरू_अनामिक
मला कुठेही प्रवास करायचा नाही. कृपया बागेतल्या पार्टीबद्दल कोणी सांगेल का? तिथे काळा कोट आणि जीन्स असे घालण्याचा माझा विचार आहे. माझे वजन बरेच उतरल्यामुळे सूटची पँट आता सैल होते, पण कोट वापरता येईल.

सुई_आणि_टेप
वजन उतरल्याची गोष्ट पहिल्याच प्रतिसादात यायला हवी होती, कारण सगळे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. माझा व्यवसाय शिवणकामाचा आहे. पँटची कंबर, कोटाच्या बाजू आणि बाह्यांची लांबी या गोष्टी टेलर सहज बसवून देतो. खांदा मात्र खाली घसरत असेल तर तो दुरुस्त करण्यासाठी बाही उसवून कोट जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. आरशासमोर हात सैल सोडून उभे राहावे आणि खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचे हाड संपते तिथेच संपते का, ते पाहावे. संपत असेल तर पँट आणि बाजू आवळून घ्याव्यात, बाही शर्टचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसेल इतकी ठेवावी, आणि तो सूट कॉकटेलला घालावा. शिवण हाडाच्या पुढे ओघळत असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. तशा वेळी नवा सूट शिवण्याचा गडद_निळा यांचा सल्ला योग्य आहे.
बागेत मात्र सूटचा कोट वेगळा काढून जीन्सवर घालू नये. त्याचे गुळगुळीत कापड पँटशी जुळण्यासाठीच विणलेले असते, त्यामुळे पँट हरवलेल्या सूटसारखा तो अर्धवट दिसतो, आणि एकटा वापरून तो झिजला की पुन्हा पँटशी रंग जुळत नाही. दुपारच्या उघड्यावरच्या पार्टीला लिनन किंवा सुती कापडाचा, अस्तर नसलेला ब्लेझर, फिकट रंगाची चिनो (साधी सुती पँट) आणि इस्त्री केलेला, उघड्या गळ्याचा शर्ट एवढे पुरेसे आहे. फार उकाडा असेल तर ब्लेझरही नको.

वाटसरू_अनामिक
आत्ताच आरशासमोर पाहिले. दोन्ही खांदे जवळजवळ दोन बोटे खाली येतात. म्हणजे डिनर जॅकेट भाड्याने आणि निळा सूट नवीन, असे ठरवतो. त्या सूटवर तपकिरी बूट चालतील का? माझ्याकडे तेच आहेत.

गडद_निळा
कॉकटेलला गडद तपकिरी, लेसचे आणि नीट पॉलिश केलेले बूट निःसंशय चालतील. पट्टाही त्याच छटेचा असू द्यावा.

काजबटण
ब्लॅक टायला मात्र काळेच हवेत. डिनर जॅकेट जिथून आणाल तिथे बूटही मिळतात का, ते माप देतानाच विचारून घ्यावे.