मदत हवी आहे: २१० स्विंगच्या लेथला ओएक्सए टूल पोस्ट घेऊ की एएक्सए?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे बेडवर २१० मि.मी. स्विंगचा (म्हणजे बेडवर फिरू शकणाऱ्या जॉबचा, कापायच्या तुकड्याचा, सर्वांत मोठा व्यास) छोटा बेंच लेथ आहे. सोबत आलेला चार तोंडांचा टूल पोस्ट (टूल धरणारा ठोकळा) दोन वर्षं वापरला, आता पॅकिंगचा, म्हणजे टूलचं टोक सेंटरच्या (जॉब ज्या अक्षावर फिरतो त्याच्या) उंचीला आणायला खाली पट्ट्या घालण्याचा, वीट आलाय. प्रत्येक टूलचं वेगळं पुडकं करून ठेवलंय: हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, पत्र्याच्या पट्ट्या, शीतपेयाच्या कॅनचा कापलेला पत्रा, वर रबर बँड आणि चिठ्ठी. मागच्या आठवड्यात पार्टिंगचं (जॉब कापून वेगळा करायच्या टूलचं) पुडकं चुकून टर्निंग टूलखाली गेलं. टूल सेंटरच्या वर बसलं, फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना मधे बोंड उरलं आणि त्यावर इन्सर्टचं टोक गेलं. आता क्विक-चेंज पोस्ट घ्यायचाच, ज्यात प्रत्येक टूल आपल्या होल्डरमध्ये उंची लावून ठेवता येतं.

घोडं साइझवर अडलंय. ओएक्सए लहान, एएक्सए त्याच्या वरचा. तक्त्यांत ओएक्सए ८ इंच स्विंगपर्यंत, म्हणजे साधारण २०३ मि.मी., आणि एएक्सए ९ ते १२ इंच दिलाय. माझा २१० नेमका मधल्या फटीत. मन एएक्सएकडे ओढतंय, कारण मोठा म्हणजे दणकट, शिवाय १६ मि.मी. शँकची (दांड्याची) चार-पाच टूल्स पडून आहेत. कंपाउंडच्या (ज्या वरच्या स्लाइडवर पोस्ट बसतो तिच्या) वरून सेंटरपर्यंत २४ मि.मी. भरतात. काय करू?

प्रतिसाद १

स्विंगचा तक्ता फक्त अंदाजाला. त्याच स्विंगच्या दोन मशीनांत कंपाउंडची जाडी वेगळी असते, आणि टूल पोस्टला बेडशी काही देणंघेणं नसतं, त्याचा संबंध कंपाउंडशी.

हिशेब साधा आहे. होल्डर खाली खाली नेला की शेवटी कंपाउंडला टेकतो. तेव्हा टूलचं टोक किती उंचीवर? होल्डरचा खालचा ओठ (शँक ज्यावर टेकतो त्याची जाडी) अधिक शँकची उंची. ही बेरीज तुमच्या २४ पेक्षा कमी हवी, बरोबर नव्हे, कमी. खाली दोन-तीन मि.मी. मोकळे असतील तरच उंचीचा नट फिरवून टोक सेंटरला आणता येतं. टूल खाली राहत असेल तर नटाने होल्डर वर घेता येतो. वर राहत असेल तर मात्र कंपाउंड छिलण्यापर्यंत पाळी येते.

ओठाची जाडी मेकप्रमाणे बदलते, तेव्हा विकणाऱ्याकडून होल्डरचं ड्रॉइंग मागा. ड्रॉइंग देत नसेल तर दुसरा बघा.

प्रतिसाद २

वर म्हटलंय ते बरोबर, पण त्याआधी विचारतो, हे २४ मोजले कसे? स्केल उभी धरून टेलस्टॉकच्या (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) सेंटरकडे बघून मोजले असतील तर ते धरू नका. टेलस्टॉक उंचीला स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रेषेत असेलच असं नाही.

चकात एक गोल रॉड पकडा, बारीक कट घेऊन साफ करा आणि मायक्रोमीटरने व्यास घ्या. रॉड चकातून काढायचा नाही. आता कंपाउंड त्याच्याखाली आणून कंपाउंडचा माथा ते रॉडची खालची बाजू हे अंतर मोजा. ड्रिल बिटं सरकवून बघितली तरी चालतं, जे बिट जेमतेम सरकतं तो गॅप. त्यात अर्धा व्यास मिळवा. रॉड तिथेच कापलेला असल्यामुळे तो स्पिंडलच्या अक्षावरच फिरतो, डोळ्याची चूक येत नाही.

धागाकर्ता

काका, फजिती झाली. रॉड २० मि.मी.ला साफ केला. खाली बिटं सरकवली तर गॅप दर वेळी वेगळाच येत होता. मग लक्षात आलं की मी दोन वेगळ्या जागी मोजत होतो. कंपाउंडच्या मधोमध १० मि.मी.चा स्टड आहे आणि त्याच्या मुळाशी ३ मि.मी. उंचीचा गोल कठडा, जुना पोस्ट त्यात बसतो. आधीचे २४ मी त्या कठड्यावरून मोजले होते. आता सपाट भागावरून बिटं एकमेकांवर ठेवून गॅप १७.२ आला, म्हणजे सेंटर २७.२ वर.

एएक्सएच्या एका होल्डरचं ड्रॉइंग मिळालं. ओठ १०.५. मग १२ चं टूल २२.५ वर, खाली ४.७ शिल्लक. १६ चं टूल २६.५, शिल्लक ०.७. म्हणजे १६ ची टूल्स बाद, पण १२ घेऊन एएक्सए बसतोय की!

प्रतिसाद १

उंचीत बसतोय. ०.७ वर भरवसा नकोच, ओठाखाली एक चिप अडकली की संपलं. १६ ची टूल्स विसरा.

प्रतिसाद ३

उंची झाली, आता रुंदी बघा. मी माझ्या लहान मशीनवर हौसेने मोठा पोस्ट बसवला होता आणि सहा महिन्यांत उतरवला. पोस्ट मोठा की होल्डर बाहेर जातो, टूलचं टोक कंपाउंडच्या कडेपासून लांब लटकतं. मोठ्या व्यासाचा जॉब धरला की क्रॉस स्लाइड (कंपाउंडखालची, आडवी सरकणारी) इतकी मागे घ्यावी लागते की तिचा डोव्हटेल (तिरप्या कडांची खाच) अर्धा उघडा पडतो. लोखंड पोस्टात वाढलं, पण दणकटपणा स्लाइडमधून गेला. पार्टिंगला चॅटर (टूलची थरथर) ऐकून शेजारी यायचे.

लाकडाचा ठोकळा करा. पोस्टच्या मापाचा एक, त्यावर होल्डरच्या मापाचा दुसरा चिकटवा, टोकाला खिळा मारा. स्टडवर बसवून मशीन हाताने फिरवा. फेसिंगला खिळा सेंटरपर्यंत पोचतो का, १०० च्या जॉबच्या बाहेर निघतो का, आणि सेंटरचा आधार दिलेला बारीक जॉब टोकापर्यंत कापताना होल्डर टेलस्टॉकच्या बॅरलवर आदळतो का, एवढं बघा.

मल्टिफिक्सही, म्हणजे दुसऱ्या पद्धतीचा क्विक-चेंज पोस्ट, नजरेखालून घाला. चाळीस दाते असतात, ९ अंशांच्या टप्प्यात होल्डर फिरवता येतो. त्याच्या लहान साइझ एए आणि ए. छान आहे, पण प्रत्येक होल्डर महाग पडतो.

धागाकर्ता

दोन्ही मापांचे ठोकळे केले. एएक्सएचा खिळा सेंटरपर्यंत सहज पोचला, पण ९० च्या जॉबच्या बाहेर यायला क्रॉस स्लाइड शेवटच्या टोकाला गेली, आणि बारीक जॉबवर होल्डर टेलस्टॉकच्या बॅरलला थडकला. ओएक्सएच्या ठोकळ्याला दोन्हीकडे अंगठ्याएवढी जागा उरली. ओएक्सए घेतोय. त्यात १० ची टूल्स, आणि ज्या होल्डरची खाच १२ घेते त्यात १२.

दोन शंका. पोस्टमध्ये होल्डर आवळायला वेज (पाचर) की पिस्टन? आणि त्या कठड्याचं काय करू, छिलून टाकू?

प्रतिसाद २

वेज घ्या. पाचर होल्डरला आत ओढून पोस्टच्या दोन्ही डोव्हटेलवर दाबते. पिस्टन होल्डरला बाहेर ढकलतो. पिस्टननेही काम होतं, पण पार्टिंग करणार असाल तर वेजच.

कठडा छिलू नका, एकदा गेला की परत येत नाही. पोस्ट आला की त्याच्या बुडाला फाईल लावून बघा. फाईल चावली तर पोस्ट फोर-जॉ चकात धरा आणि बुडाला कठड्यापेक्षा अर्धा मि.मी. खोल खळगा काढा. फाईल काचेवरून सरकावी तशी सरकली तर बूड कडक आहे. मग जाड प्लेटचं वॉशर करा, मधलं भोक कठड्यावरून उतरेल एवढं, जाडी ३.५. दोन्ही तोंडं समांतर ठेवा, नाहीतर सगळा खेळ तिथेच फसेल. पोस्टचं भोक स्टडपेक्षा मोठं असतं, तेव्हा एक बुशही कापावं लागेल.

धागाकर्ता

पोस्ट आला. फाईल चावली. जुन्या पोस्टवर शेवटचं पुडकं लावून खळगा काढला, खोली ३.५. बुशचं आतलं भोक १०.०५ ठेवलंय, घट्ट बसतंय. होल्डर चार मिळालेत, दोन अजून मागवतोय.