सातवाहनांची नाणी बघायला गेलो, दिवस निभावला भाकरी-बिअरवर. आता पाहुण्यांना कुठं नेऊ?

गोदाकाठचा:
मंडळी, सल्ला पाहिजे. पुण्याचे मेहुणे दिवाळीला परत येणार आहेत आणि या खेपेला अब्रूचा प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात सातवाहनकालीन नाण्यांचं प्रदर्शन लागल्याचा मेसेज फिरत होता. मेहुण्यांना नाण्यांचा भारी नाद. मीच फुशारकी मारली, आपल्या पैठणचे राजे, चला दाखवतो. गेलो तर एक हॉल, चार काचेची कपाटं, त्यातल्या दोन कपाटांतल्या ट्यूब गेलेल्या. अर्धी 'नाणी' म्हणजे फोटोंच्या रंगीत झेरॉक्स. सोंड वर केलेला हत्ती तेवढा कसाबसा ओळखू आला. खाली चिठ्ठी: "नाणी. धातूची. प्राचीन." मेहुणे वाकून विचारतात, हे शिसं की पोटीन (तांब्याची मिश्रधातू)? रखवालदार म्हणाला, काचेला टेकू नका. बारा मिनिटांत बाहेर.

मग बायपासकडची एक परमिट रूम. येसर (मराठवाडी मसाला) घातलेलं मटण, तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी (पापुद्रा सुटलेला, आत वाफ) आणि कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. सोबत वाळूजची थंडगार बिअर. मेहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवून बाटलीचं लेबल वाचून काढलं. कारखाना, गाव, महिना, बॅच नंबर, सगळं. म्हणाले, "दाजी, तिथल्या चार कपाटांपेक्षा हिच्यावर जास्त माहिती आहे." तेव्हापासून घरात मी म्हणजे 'धातूचे, प्राचीन'.

एका दिवसात जाऊन येण्याजोगं आणि खरंच बघण्याजोगं काही सुचवा. जेवणाचंही सांगा.

तेरणाकाठ:
वाचून हसू लालो राव. तेरला आणा त्यांना. धाराशिवहून वीसेक किलोमीटर. जुनं तगर ते हेच, पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठणच्या जोडीनं नाव आहे. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर इथलं संग्रहालय उभं राहिलं. मणी, मातीच्या मूर्ती, खापरं... नाणीवाल्या माणसाला दिवस पुरायचा नाही. इथं सापडलेल्या हस्तिदंती बाईचं इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी इतकं साम्य आहे की सख्ख्या बहिणी म्हणाल. त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका, विटांचं, मागून गोल, मूळचा चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. फक्त गोरोबाकाकांच्या गावात बिअर कुठं मिळते म्हणून विचारू नका. जेवायला धाराशिवला या.

वाळूजकर:
गोदाकाठचे, तुम्ही मेहुण्यांना पैठण दाखवलंच की! आमच्या एमआयडीसीला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाचं, म्हणजे ती बिअरही नाथसागराचीच.
थोडं विषयांतर करतो. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि १० मे पासून ६० टक्के कपात केली होती. तेव्हा आमच्या गल्लीत लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. त्यामुळे ती बाटली माझ्या घशाखाली आजही मुकाट उतरत नाही. उतरते, पण मुकाट नाही.
असो. शहरातच राहणार असाल तर सोनेरी महाल बघा, १७व्या शतकातला, मागं डोंगर. आणि दुपारी नान खलिया. तंदुरातले पिवळे नान आणि वर तरी आलेला खलिया. तिथं बिअर मिळत नाही आणि आठवतही नाही.

हळदीकुंकू:
वेरूळला नेणार असाल तर मंगळवार टाळा, अजिंठ्याला सोमवार. आमचे पाहुणे बंद गेटासमोर फोटो काढून परत गेलेत. आणि एक विचारू? दोघंही बिअर प्यायलात तर गाडी कुणी चालवली?

गोदाकाठचा:
@हळदीकुंकू, आमच्या हिनं. तिच्या वाट्याला उसाचा रस आला, हे अजून ऐकतोय.
तेर पक्कं. संग्रहालय उघडं आहे का ते आधी फोन करून विचारणार, आता ताक फुंकून पितोय. मेहुण्यांना कळवलं तर पहिला प्रश्न, "येताना बायपासवरूनच यायचं ना?" हिनं मागून फोन ओढून घेतला. या खेपेला गाडी ती चालवणार नाही. तेव्हा @तेरणाकाठ, धाराशिवला ताक चांगलं कुठं मिळतं तेही सांगा.