हाताने पेपर पीसिंग : टाके समोरून दिसतात, कोपऱ्यात भोकं पडतात, काय चुकतंय?

लुगड्याचं_फूल
नमस्कार सगळ्यांना, नागपूरहून लिहितेय. दोन महिन्यांपासून इंग्लिश पेपर पीसिंग करून राहिले, म्हणजे कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून टाचायचं आणि मग ते षटकोन हाताने एकमेकांना जोडायचे. आजीची चार सुती लुगडी होती, पदर पार विरलेत पण काठाजवळचं कापड अजून चांगलं आहे, त्याचीच रजई करायची आहे. षटकोनाची बाजू एक इंच. मधे एक, भोवती सहा, त्याच्याभोवती बारा असं १९ तुकड्यांचं फूल, अशी पाच झाली. फुलं एकेकटी छान दिसायची, आता फुलाला फूल जोडायला घेतलं तर सगळंच बिघडून राहिलं. जांभळ्या कापडावर समोरून दोऱ्याचे ठिपके ठिपके दिसतात. तीन कोपरे भेटतात तिथे बारीक भोक राहतं, खिडकीशी धरलं की उजेड येतो. आणि दोन फुलं जोडताना एका टोकाला कोपरा बरोबर लावला की दुसऱ्या टोकाला तो पुढे सरकलेला असतो, ओढून बसवलं की फुगा येतो. आजीचं कापड परत मिळणार नाही म्हणून पुढे शिवायचं थांबवलंय. कोणीतरी नीट सांगा.

टाका_टाका
ताई, ठिपक्यांचं आधी सांगते कारण माझंही पहिलं वर्ष त्यातच गेलं. तुम्ही दोन तुकडे सुलट बाजू आत करून वरून गुंडाळत टाका घालता ना, व्हिप स्टिच? त्यात सुई किती खोल जाते ते बघा. बहुतेक जणींची कागदाला लागून जाते. सुईने फक्त घडीचे दोन-तीन धागे उचलायचे, इकडच्या घडीचे दोन आणि तिकडच्या घडीचे दोन, बस. कागद टोचला गेला तर टाका खोल गेला असं समजायचं, कान दिला तर कर्र असा बारीक आवाजही येतो. टाके जवळ जवळ हवेत, मी इंचाला १२ ते १५ घालते. आणि दोरा ओढून आवळू नका, आवळला की टाका समोर डोकावतो, घडीला घडी टेकली की थांबायचं.
दोरा कोणता वापरता? साधा शिलाईचा जाड रीळ असेल तर तो बदला, बारीक दोरा घ्या, ५० किंवा ६० नंबरचा, आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. सुई १० किंवा ११ नंबरची. रंग मधला राखाडी घेतला तर गडद-फिकट दोन्हीत लपतो, दोन्ही कापडं गडद असतील तर गडद राखाडी. कोपरापासून बोटापर्यंत, हातभरच दोरा घ्यायचा, लांब घेतला की पीळ पडतो आणि गाठी होतात.
तरीही दिसत असेल तर तुकडे समोरासमोर न धरता सपाट शेजारी शेजारी ठेवून मागून शिडीसारखा टाका घाला. वेळ जास्त लागतो आणि तुकडे हलू नयेत म्हणून चिकटपट्टी लावावी लागते, पण समोरून काहीच दिसत नाही. मी फक्त फिकट-गडद शेजारी आले तिथे तो वापरते.

गांधीबाग_कटपीस
ग्लू स्टिकने चिकटवा ना, टाचायचं कामच नाही. पाच मिनिटांत दहा षटकोन.

महालची_काकू
ग्लू चांगलाच आहे पण जपून, आणि एप्रिल-मेमधे आपल्याकडे तर फारच जपून. ४५ डिग्रीत तो मऊ होऊन पसरतो, घडीच्या अगदी काठावर आला की वाळून कडक होतो आणि सुई आत जात नाही, मग जोर लावून बोट टोचून घ्या आणि कापडावर लाल ठिपका. ज्यांना ग्लूच हवा त्यांनी काठापासून आत, कागदाच्या बाजूला बारीक रेघ ओढायची. लुगड्याचं कापड विरविरीत झालेलं असतं, त्यावरून कागद सोलताना धागे निघतात, म्हणून अशा कापडाला मी दोऱ्यानेच टाचीन. कापायच्या आधी पातळ खळ देऊन इस्त्री करा, विरलेलं कापडसुद्धा घडीला बसतं. सहाही बाजूंना पाव इंच कापड सोडायचं, एक इंची षटकोनाला अडीच इंची चौकोन पुरतो. मागे कोपऱ्या-कोपऱ्यात, जिथे घडीवर घडी येते तिथेच, एकेक टाका घालत फिरायचं, कागदातून न नेता. असं केलं तर टाचणीचा दोरा नंतर उसवावा लागत नाही, तो आत राहिला तरी चालतो.
आता भोकाचं. कोपऱ्यापासून सुरुवातच करायची नाही. पाव इंचाच्या अर्ध्यावर आत सुरू करा, कोपऱ्याकडे जा, तिथे एकावर एक दोन टाके, मग वळून पुढे. शेवटीही तसंच, दोन-तीन टाके मागे येऊन तोडा. तिसरा षटकोन बसवताना सुई पहिल्या दोघांच्या कोपऱ्यातून नेऊन तिसऱ्याच्या टोकात घाला आणि एकदा हलकेच ओढा, भोक मिटतं. ते मिटलं की खरंच समाधान वाटतं, मी प्रत्येक वेळी उलटून बघते.
आत शिरणाऱ्या कोनात शिवताना कागद बेधडक दुमडा, मधून घडी पाडली तरी काही बिघडत नाही. नवशिक्या कागद जपतात आणि कापड ओढतात, तिथेच ते बिघडतं.

पट्टी_पेन्सिल
एक विचारू? कागद कुठून आणले? आणि सगळे एकाच वेळी प्रिंट केले का? तुमची तिसरी तक्रार टाक्यांची वाटत नाही, मापाची वाटते. फुलं एकेकटी नीट बसतात आणि जोडताना कोपरा पुढे जातो म्हणजे दोन फुलं वेगळ्या मापाची आहेत. कापड न लावता नुसते सात कागद टेबलावर मांडून बघा, फट दिसायला नको. मग दोन्ही फुलांमधला एकेक कागद काढा आणि समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मिलिमीटरमधे मोजा. एक इंची षटकोनाचं ते ४४ यायला पाहिजे.

लुगड्याचं_फूल
बाप्पा! आत्ताच मोजलं. पहिल्या तीन फुलांचे ४४ आहेत आणि नंतरच्या दोघांचे ४३ पण भरत नाहीत, पावणेत्रेचाळीसच्या आसपास. कागद संपले म्हणून दुसऱ्यांदा बर्डीवर वेगळ्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घेतले होते, फाईल तीच होती.

पट्टी_पेन्सिल
मग सापडलं. त्यांच्या प्रिंटरवर पानात बसवायचं सेटिंग चालू असणार, तेव्हा चित्र ९७ टक्क्यांवर येतं आणि ४४ चे ४२.७ होतात, तुम्ही मोजलं तेच. एका बाजूला पाऊण मिलिमीटर, डोळ्याला कळतही नाही, पण दहा बाजू रांगेत आल्या की पाऊण सेंटिमीटर फरक. पुढच्या वेळी ॲक्चुअल साईज, १०० टक्के असं सांगायचं आणि दुकानातच पट्टी लावायची, मी पट्टी पर्समधेच ठेवतो. कागदही साधा पातळ, ७०-८० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) नको, १६० ते २०० चा जाड कार्डशीट घ्या.
कापड वाया गेलं नाही, घाबरू नका. लहान दोन फुलं उसवा, जुना कागद काढा, नवा घाला. पाव इंच सोडलेलं आहे ना, प्रत्येक बाजूला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने कमी झालं तर काही फरक पडत नाही. ३८ षटकोन, रोज सहा केले तरी आठवड्याभराचं काम.

टाका_टाका
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं विचारलं. कार्डशीटच्या ऐवजी जुन्या लग्नपत्रिका चालतील का? घरात ढीग आहे.

महालची_काकू
जाडी चालते, पण सोनेरी छपाईची बाजू कापडाकडे ठेवू नको, गरम इस्त्रीने रंग उतरतो. कोऱ्या बाजूने घे. तिकडे इंग्लंडमधे जुन्या पत्रांचे, वह्यांचे कागदच कापून वापरायचे. १७१८ साल घातलेली एक रेशमी रजई तिथल्या क्विल्टर्स गिल्ड या रजई शिवणाऱ्यांच्या संस्थेकडे आहे, तिच्या मागे कागद अजून तसेच आहेत. आपल्या गोधडीत कागद नसतो, थरावर थर आणि धावदोरा, त्यात असा काटेकोरपणा लागत नाही, म्हणून आपला हात मापाकडे लवकर वळत नाही असं मला वाटतं.
आणि हो, कागद लगेच काढायचा नाही. षटकोनाच्या सहाही बाजू जोडल्या गेल्या की तेवढाच काढायचा, कडेच्या ओळीतले शेवटपर्यंत ठेवायचे. काढायच्या आधी मागून इस्त्री फिरवा. कागदाच्या मधोमध पंचिंग मशीनने भोक पाडून ठेवलं तर क्रोशाच्या सुईने सहज ओढून निघतो, तीन-चार वेळा वापरता येतो.

लुगड्याचं_फूल
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आज दुपारी कूलर बंद करून बसले, हवेने कागद उडतात म्हणून, आणि तीन षटकोनांवर काकूंचं कोपऱ्याचं करून बघितलं. भोक गेलं! राखाडी दोरा घरात होता पण जाड, बारीक उद्या इतवारीतून आणते. कार्डशीटवर प्रिंट घेतली, दुकानातच मोजली, ४४ आली. एकच विचारायचंय, बारीक टाके उसवताना लुगड्याचे धागे तुटायची भीती वाटते.

महालची_काकू
कापडाकडे जायचंच नाही. दोन षटकोन थोडे उघडून धरायचे, मधे दोरा ताणलेला दिसतो, बारीक टोकाच्या कात्रीने चार टाके सोडून एक कापायचा आणि उरलेला दोरा मागच्या बाजूने सुईने उचलून काढायचा. ओढायचा नाही. सकाळच्या उजेडात बस.